मिठाच्या गोणीपासून चिमटीपर्यंत

रामनवमी जवळ आली की वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्याकडे येणारे रस्ते गजबजू लागतात. जीप, ट्रॅक्टर, एसटी, मोटारसायकली, आणि उन्हातान्हात पायी चालणारे जथे. कोणी तेलंगणातून आलेले, कोणी कर्नाटकातून, कोणी शेजारच्या दिग्रस-पुसदच्या तांड्यांवरून. सगळ्यांना जायचे असते पोहरादेवीला. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचे मंदिर इथे आहे, म्हणून बंजारा समाज या गावाला आपली काशी मानतो. समाजाचा इतिहास मांडणारे नंगाऱ्याच्या आकाराचे संग्रहालयही ५ ऑक्टोबर २०२४ पासून इथे उभे आहे.

तो इतिहास बऱ्याच अंशी बैलांच्या पाठीवरचा आहे. आणि त्या पाठीवरच्या गोणीत जे जे असे, त्यातली एक वस्तू आजही प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. ती म्हणजे मीठ.

बंजाऱ्यांना महाराष्ट्रात लमाण किंवा लमाणी म्हणतात, ते ‘लवण’ या शब्दावरून, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. रेल्वे येण्याआधी समुद्रकाठचे मीठ घाट चढून देशावर आणि तिथून पुढे वऱ्हाडापर्यंत पोहोचायचे ते मुख्यतः या लोकांच्या बैलांवरून. या वाहतुकीला ते ‘लदेणी’ म्हणत. जाताना धान्य, येताना मीठ. सतराव्या शतकात भारतात फिरलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. जिथे तांदूळ पिकत नाही तिथे तांदूळ, जिथे मीठ नाही तिथे मीठ, असा त्यांचा धंदा होता. एवढा तांडा समोरून आला की गाड्या-घोड्यांना दोन-दोन दिवस वाट पाहत थांबावे लागे, अशी त्याची तक्रारही आहे.

सेवालाल महाराज याच लदेणीच्या काळातले. त्यांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ चा मानला जातो. वडील भीमा नाईक हे मोठ्या गुराढोरांचे धनी, तांड्याचे नाईक. महाराजांची शिकवण तांड्यातांड्यांतून आजही तोंडी सांगितली जाते आणि तिच्यात व्यसनापासून दूर राहण्याचा, स्वच्छ राहण्याचा, पाणी आणि प्राणी जपण्याचा आग्रह आहे. आरोग्याचा विषय त्या शिकवणीला परका नाही.

मीठ त्या काळी महाग होते, आणि ते महाग असण्यात सरकारचाही हात होता. इंग्रजांनी मिठावर कर बसवला आणि स्वस्त मीठ चोरून आत येऊ नये म्हणून देशाच्या मधोमध एक सीमाशुल्क रेषा आखली. सिंधू नदीपासून महानदीच्या दिशेने जाणाऱ्या या रेषेवर शेकडो मैल काटेरी झुडपांचे जिवंत कुंपण लावले होते आणि तिच्या राखणीला सुमारे बारा हजार माणसे होती. १८७९ मध्ये ती रेषा मोडीत निघाली. तोवर रेल्वेही आली होती. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला आणि हजारो बैलांचे काम एका इंजिनाने हिसकावले. लदेणी बसली. पाठोपाठ १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि फिरणाऱ्या अनेक जमातींबरोबर बंजाऱ्यांच्या कपाळीही तो शिक्का बसला. तो पुसायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावे लागले.

विदर्भाला समुद्र नाही, त्यामुळे १९३० मध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचलले तेव्हा इथे करायचे काय, असा प्रश्न होता. अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला खाऱ्या विहिरीच्या पाण्यापासून मीठ काढून सत्याग्रह झाला. पुसदला बापूजी अणे यांनी त्याच वर्षी जुलैमध्ये जंगल सत्याग्रह केला. पुसद पोहरादेवीपासून लांब नाही. मिठाच्या चिमटीसाठी माणसे तुरुंगात जात होती, त्याला अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत.

आज तेच मीठ किराणा दुकानातल्या सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक आहे, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

माणसाच्या शरीराला मीठ लागते, यात वाद नाही. मिठातला सोडियम नसेल तर मज्जातंतूंतून संदेश जाणार नाही, स्नायू आकुंचन पावणार नाही, पेशींच्या बाहेरचे पाणी जागच्या जागी राहणार नाही. पण शरीर मुळात मिठाच्या टंचाईत घडले आहे. माणूस मीठ साठवायला आणि शिजवताना घालायला लागला त्याला काही हजार वर्षेच झाली. त्याआधीच्या लाखो वर्षांत कंदमुळे, फळे, पाने आणि शिकार यांतून दिवसाला ग्रॅमभर मीठही मिळत नसावे. म्हणून मूत्रपिंडे मीठ धरून ठेवण्यात पटाईत आहेत. आलेला सोडियम जपायचा, हा त्यांचा जुना धर्म. रोज लागते त्याच्या कितीतरी पट मीठ आत येऊ लागले की हीच सवय महागात पडते. सोडियमबरोबर पाणी धरले जाते, रक्ताचे आकारमान वाढते, रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर ताण येतो आणि वर्षानुवर्षे तो राहिला की भिंती ताठर होतात. रक्तदाब वाढतो. तो वाढल्याचे माणसाला कळत नाही, कारण बहुतेकांना काहीच होत नसते. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, काम सुटत नाही. एखाद्या पहाटे तोंड वाकडे होते, हात उचलत नाही, आणि मग कळते.

मीठ आणि रक्तदाब यांचे नाते जगभर तपासले गेले आहे. १९८८ मध्ये ‘इंटरसॉल्ट’ या अभ्यासाचे निष्कर्ष आले. ३२ देशांतल्या १०,००० हून अधिक लोकांचे चोवीस तासांचे मूत्र आणि रक्तदाब त्यात मोजले होते. त्यातले ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक सर्वांत वेगळे निघाले. ते मीठ जवळजवळ खातच नाहीत. त्यांचा वरचा रक्तदाब सरासरीने शंभरच्या आत होता आणि वय वाढले तरी तो चढत नव्हता. आपल्याकडे ‘वय झाले, आता बीपी असणारच’ असे सहज म्हटले जाते. यानोमामींच्या आकड्यांकडे पाहिले की त्या ‘असणारच’विषयी शंका येते. अर्थात जंगलात राहणारा, दिवसभर चालणारा, सडपातळ माणूस आणि आपण यांत फक्त मिठाचाच फरक नाही. म्हणून २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला ‘डॅश-सोडियम’ प्रयोग जास्त बोलका ठरतो. तिथे ४१२ जणांना मोजून-मापून जेवण दिले गेले आणि मिठाचे प्रमाण तीन पायऱ्यांत बदलत नेले, प्रत्येक पायरी तीस दिवसांची. दर पायरीला रक्तदाब उतरला. ज्यांचा आधीच जास्त होता त्यांचा अधिक उतरला. भाज्या, फळे, डाळी आणि कमी स्निग्धांशाचे दूध यांनी भरलेले ताट आणि कमी मीठ असे दोन्ही एकत्र आले तेव्हा उच्च रक्तदाब असलेल्यांत वरचा आकडा साडेअकरा अंकांनी कमी भरला. एखाद्या गोळीच्या तोडीचा हा परिणाम आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात सोडियम असतो साधारण दोन ग्रॅम. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत आपण सरासरी आठ ग्रॅम खातो असे आढळले, पुरुष ८.९ आणि स्त्रिया ७.१. याच परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका मोठ्या अभ्यासात देशातल्या ३५ टक्क्यांहून अधिक प्रौढांना उच्च रक्तदाब असल्याचे दिसले. तीन माणसांमागे एक. जगात रक्तदाब असलेल्या प्रौढांपैकी ४६ टक्क्यांना तो आहे हेच ठाऊक नसते, हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेचा.

आता पोहरादेवीच्या यात्रेकडे पुन्हा वळू, कारण तिथे या आकड्यांना एक वेगळी किनार आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या अनेक तांड्यांवरची माणसे दिवाळीनंतर बाहेर पडतात. ऊसतोडीला, वीटभट्टीवर, पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर. घराला कुलूप, म्हातारी माणसे मागे, बाकी सगळे कोपीवर किंवा पत्र्याच्या खोलीत. बैलाची जागा ट्रकने घेतली, पण फिरणे सुटले नाही. हंगाम संपून माणसे परततात ती मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे रामनवमीच्या सुमारास. रक्तदाबाच्या रुग्णासाठी हे पाच-सहा महिने फार वाईट जातात. गावाजवळच्या आरोग्य केंद्रातून मिळालेल्या महिनाभराच्या गोळ्या महिन्यात संपतात. नव्या ठिकाणी दवाखाना कुठे, कधी उघडा, रोजगार बुडवून जायचे कसे? त्यात काहीच दुखत नसते, मग गोळी राहते ती राहतेच.

पोहरादेवीच्या यात्रेत एकाच जागी, एकाच आठवड्यात नेमकी हीच माणसे असतात, जी वर्षभर कुठल्याही आरोग्यसेविकेला घरी सापडत नाहीत. दंडाला पट्टा बांधून आकडा पाहायला पाच मिनिटे लागतात. दर्शनाच्या रांगेत त्याहून कितीतरी जास्त वेळ जातो. यात्रांमध्ये वैद्यकीय पथके असतात ती ताप, जुलाब, उष्माघात आणि अपघात यांच्यासाठी, आणि ते योग्यच आहे. त्याच मंडपात तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब पाहिला गेला आणि ज्याला गोळ्या चालू आहेत त्याच्या हातात निदान तीन महिन्यांची पुडी दिली गेली, तर तिचा उपयोग पुढच्या हंगामातही होईल. औषधही महागडे नाही. २०१७-१८ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता. अम्लोडिपिनसारख्या मोजक्या गोळ्या, ठरलेला क्रम, जवळच्या उपकेंद्रात मोफत पुरवठा, अशी त्याची सोपी रचना आहे.

रक्तदाब मोजण्याचीही एक रीत आहे आणि ती गर्दीत हमखास मोडली जाते. चालत येऊन धापा टाकत हात पुढे केला तर आकडा चढाच येणार. पाच मिनिटे पाठ टेकून बसायचे, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला टेकवलेला, बोलायचे नाही. अर्धा तास आधी चहा नको, तंबाखू नको, बिडी नको. आकडा १४०/९० किंवा त्याहून वर आला तर घाबरण्याआधी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचा. दोन-तीनदा तसाच आला तर मात्र डॉक्टरांकडे जायचे आणि गोळी सुरू झाली की ‘आता बरे वाटते’ म्हणून बंद करायची नाही. बरे वाटते ते गोळीमुळेच.

गोळीबरोबर ताटातले मीठही उतरवावे लागते. आणि इथे भारतीय माणसाची बाजू युरोप-अमेरिकेतल्या माणसापेक्षा मजबूत आहे. तिकडे पोटात जाणारे बहुतेक मीठ पाव, चीज, डबाबंद मांस, तयार सूप यांतून येते. ते कारखान्यात आधीच घातलेले असते, खाणाऱ्याच्या हातात काही नसते. ब्रिटनने २००३ नंतर कारखानदारांना पावापासून सगळ्या पदार्थांतले मीठ थोडे थोडे कमी करायला लावले. लोकांना कळलेही नाही आणि आठ वर्षांत सरासरी साडेनऊ ग्रॅमवरून ८.१ ग्रॅमवर आली. आपल्याकडे अजून तरी मोठा वाटा चुलीवरच पडतो. मीठ घालणारी चिमूट घरातलीच असते.

वऱ्हाडी आणि बंजारा जेवणाचा पाया तसा चांगला आहे. ज्वारीची भाकरी बहुतेक घरांत बिनमिठाचीच थापली जाते. तुरीचे वरण, पालेभाज्या, शेंगदाणे यांत पोटॅशियम भरपूर आणि पोटॅशियम हा सोडियमचा उतारा. तो मूत्रपिंडांना सोडियम सोडून द्यायला लावतो. गडबड होते ती भाकरीच्या कडेला. ठेचा, लोणचे, पापड, तळलेली खारी मिरची, वरून भुरभुरलेले मीठ. गरिबाच्या ताटात भाजी पातळ आणि थोडी असते, म्हणून भाकरी घशाखाली उतरवायला तिखट-मीठ वाढते. कामावर गेलेल्या माणसाच्या फडक्यात भाकरीबरोबर ठेचाच असतो, कारण तो नासत नाही. त्याला ‘मीठ सोड’ सांगणे सोपे आहे, पण त्या जागी काय खायचे हे सांगितले नाही तर ते बोलणे वाऱ्यावर जाते. ठेच्यात मीठ निम्मे करून लिंबू पिळले, लसूण आणि भाजलेले दाणे वाढवले, जवस किंवा कारळ्याच्या चटणीत मीठ हात राखून टाकले, तर चव राहते. आंबटपणा आणि भाजल्याचा खमंगपणा जिभेला मिठाची उणीव भासू देत नाही. ताकातही जिरे आणि कोथिंबीर टाकली की मिठाची आठवण कमी येते.

पापडाच्या बाबतीत एक गोष्ट बहुधा लक्षात येत नाही. पापडखार हा देखील सोडियमचाच क्षार आहे, आणि खाण्याचा सोडाही. पित्तासाठी पाण्यात टाकून प्यायच्या फसफसणाऱ्या पावडरीत सोडियम चांगलाच असतो. फरसाण, चिवडा, शेव, खारे दाणे, झटपट नूडल्स यांचे मीठ तर पुडक्यावर छापलेले असते. पाहायची सवय लागली की शंभर ग्रॅममागे सोडियम किती, हा आकडा डोळे आपोआप शोधतात.

घरात किती मीठ लागते, हे काढायला प्रयोगशाळा नको. एक किलोच्या पुड्यात पाच-पाच ग्रॅमचे दोनशे वाटे होतात. घरात खाणारी मोठी माणसे चार असतील तर हा पुडा पन्नास दिवस पुरायला हवा, पाच असतील तर चाळीस. चार माणसांच्या घरात तो महिन्याभरातच संपत असेल तर सरासरी आठ ग्रॅमच्या घरात गेली, म्हणजे देशाइतकीच. पुडा फोडला त्या दिवसाची तारीख त्यावर पेनाने लिहायची, एवढेच करायचे. लोणच्याला किंवा पापडाला लागलेले मीठ वेगळे मोजावे लागेल, बाहेरचे खाणे यात येणार नाही, लहान मुलांना तर याहून कमी लागते. हा हिशेब ठोकळच आहे. तरी दोन-तीन पुड्यांच्या तारखा शेजारी ठेवल्या की घर कुठल्या दिशेने चालले आहे ते दिसते.

मीठ एकदम निम्म्यावर आणले तर घरात भांडण ठरलेले. जेवण अळणी लागते, ताटावरून उठताना बोलणी बसतात आणि चौथ्या दिवशी मीठ पूर्वीइतके होते. जिभेला वेळ लागतो. दर आठवड्याला थोडे थोडे उतरवत गेले तर महिना-दोन महिन्यांत तीच भाजी बरोबर लागू लागते आणि मग पूर्वीची खारट वाटते. हे प्रयोगांतही दिसले आहे. पाककृतीत ‘चवीपुरते मीठ’ लिहितात, पण चव ही सवयीची असते, हे त्या दोन शब्दांत येत नाही.

सैंधव मिठाविषयी एक गैरसमज सगळीकडे पसरला आहे. गुलाबी खडा महाग, म्हणून तो रक्तदाबाला चालतो, असा समज. सैंधवातही जवळजवळ सगळे सोडियम क्लोराइडच असते. रंग येतो तो अगदी थोड्या लोह वगैरे खनिजांमुळे. उलट त्यात सहसा आयोडिन घातलेले नसते. भारतात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. त्यामागे हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी यांनी केलेले काम होते. आयोडिनयुक्त मिठाने गळ्याच्या गाठी कमी होतात, हे तिथे दिसून आले. गर्भातल्या बाळाच्या मेंदूची वाढही आयोडिनवर अवलंबून असते. म्हणून खायचे ते आयोडिनयुक्तच, पण कमी. मीठ कमी केले तर आयोडिन कमी पडेल का, या शंकेवर जागतिक आरोग्य संघटनेचे उत्तर असे, की मिठातले आयोडिनचे प्रमाण वाढवता येते, त्यासाठी जास्त मीठ खाण्याची गरज नाही.

बाजारात आता ‘लो सोडियम’ मीठही आले आहे. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घालतात. त्याचा सर्वांत मोठा प्रयोग चीनच्या ग्रामीण भागात झाला. ६०० गावे, जवळपास २१ हजार माणसे, सगळी एकतर अर्धांगवायू होऊन गेलेली किंवा साठी ओलांडलेली आणि रक्तदाब असलेली. निम्म्या गावांना नेहमीचे मीठ, निम्म्यांना पाऊण भाग सोडियम आणि पाव भाग पोटॅशियम असलेले. सुमारे पाच वर्षांनी, २०२१ मध्ये निकाल आला. बदललेल्या मिठाच्या गावांत अर्धांगवायूचे झटके १४ टक्क्यांनी आणि मृत्यू १२ टक्क्यांनी कमी झाले होते. या लोकांनी ना व्यायाम वाढवला होता ना आहार बदलला होता, फक्त मिठाचा डबा बदलला होता. जानेवारी २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा मिठाची शिफारस केली. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवायची. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना आणि पोटॅशियम वाढवणारी औषधे घेणाऱ्यांना हे मीठ धोक्याचे आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्याही त्या प्रकारच्या आहेत. संघटनेची शिफारस गर्भवतींना आणि मुलांना लागू नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नये.

मूत्रपिंडांचा विषय निघाला की वऱ्हाडात खारपाणपट्ट्याचे नाव येतेच. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांचे भूजल खारे आहे. तिथल्या माणसाने ताटातले मीठ कितीही मोजले तरी हंड्यातले मीठ त्याच्या हातात नाही. बांगलादेशाच्या किनारी भागात खाऱ्या पिण्याच्या पाण्याचा आणि गर्भवती स्त्रियांच्या वाढलेल्या रक्तदाबाचा संबंध अभ्यासांत आढळला आहे. खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्याची नळयोजना हे म्हणूनच रक्तदाबावरचेही औषध आहे. तिथे वैयक्तिक शिस्तीची प्रवचने देण्यात अर्थ नाही.

आणि एप्रिलच्या उन्हाचे काय? पोहरादेवीला यात्रा भरते तेव्हा विदर्भात पारा चाळिशी गाठतो, कधी ओलांडतो. घाम गाळणाऱ्याच्या अंगातून पाण्याबरोबर मीठही जाते. ऊसतोड करणारा, भट्टीवर विटा वाहणारा, मैलोन् मैल पायी येणारा यात्रेकरू यांना शहरातल्या बैठ्या माणसाचा नियम जसाच्या तसा लावून चालत नाही. पण म्हणून मीठ चाटत राहण्याचीही गरज नसते. रोजच्या जेवणातले मीठ बहुतेकांना पुरते. कमी पडते ते पाणी. थोडे थोडे, वारंवार, तहान लागायची वाट न पाहता प्यायला हवे, मधूनमधून ताक किंवा लिंबू-पाणी. उलट्या-जुलाब सुरू झाले तर मात्र गोष्ट बदलते. तेव्हा मीठ जीव वाचवते, पण साखरेच्या सोबतीने. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायची सलाइन संपत आली होती. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या करून पिंपांतून पाणी पाजायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून चारच्या आत आले. आतड्यात साखरेचा कण सोडियमचा हात धरून आत जातो आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढले जाते, एवढ्या एका गोष्टीवर हे सारे उभे आहे. ओआरएसची पुडी मिळाली नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा, हे प्रमाण चालते. मीठ याहून जास्त झाले तर अपाय होतो, विशेषतः लहान बाळाला. पाणी अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये, ही घरगुती परीक्षा.

ज्यांना रक्तदाब आहे आणि गोळ्यांत लघवी वाढवणारे औषधही आहे, त्यांनी कडक उन्हाळ्यात जास्त जपायला हवे. घाम खूप, पाणी कमी आणि वरून ती गोळी, यामुळे दाब एकदम खाली येऊन उभ्या उभ्या अंधारी येऊ शकते. उन्हाळा लागण्यापूर्वी एकदा गोळ्यांचा डोस डॉक्टरांना दाखवून घ्यावा. यात्रेला निघताना औषधे पिशवीत वर, हाताला येतील अशी ठेवावीत आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावा. हंगामाला परगावी जाणाऱ्यांनी निघण्याच्या आठवडाभर आधी उपकेंद्रात जाऊन ‘पाच महिने बाहेर आहे’ असे स्पष्ट सांगावे आणि मिळतील तेवढ्या गोळ्या एकदम मागून घ्याव्यात. रक्तदाबाचे कार्ड सोबत असेल तर कोल्हापूरच्या किंवा साताऱ्याच्या आरोग्य केंद्रातही पुढच्या गोळ्या मागता येतात. ते कार्ड पत्र्याच्या पेटीत तळाशी न ठेवता पिठाच्या डब्याजवळ ठेवले तर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या रोज नजरेला पडते. मिठाचा डबाही तिथेच असतो.